अंतर आणि प्रवासकाळ : अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

दोन दूरच्या विमानतळांमधील अंतर किती आणि तेथे पोहोचण्यास वेळ किती लागतो, हा प्रश्न सामान्यतः व्यावहारिक समजला जातो. तिकिटावर किंवा वेळापत्रकात त्याचे उत्तर सापडते आणि प्रवाशाचे समाधान होते. तथापि या प्रश्नाची ऐतिहासिक बाजू फारशी तपासली जात नाही. दोन स्थळांमधील भौगोलिक अंतर शतकानुशतके तेवढेच राहते. प्रवासकाळ मात्र प्रत्येक कालखंडात बदलत जातो. म्हणजेच अंतर हा भूगोलाचा विषय असला, तरी प्रवासकाळ हा इतिहासाचा विषय ठरतो.

प्रस्तुत लेखात अहमदनगर जिल्हा केंद्रस्थानी ठेवून या विषयाचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे. सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा हा जिल्हा महाराष्ट्रात विस्ताराने सर्वांत मोठा आहे. २०२४ मध्ये त्याचे नामांतर अहिल्यानगर असे झाले. लेखातील बहुतांश घटना त्यापूर्वीच्या असल्यामुळे त्या संदर्भांत तत्कालीन नावच वापरले आहे. निजामशाहीची राजधानी, मोगलांची छावणी, ब्रिटिशांचा लष्करी तळ आणि आधुनिक काळातील तीर्थक्षेत्र अशा विविध नात्यांनी हा प्रदेश दूरच्या सत्ताकेंद्रांशी आणि शहरांशी जोडला गेला. मात्र समुद्र, मोठे रेल्वे जंक्शन आणि विमानतळ ही साधने दीर्घकाळ त्याच्या सीमेबाहेरच राहिली. प्रवासकाळ केवळ वाहनाच्या वेगावर ठरत नाही. कोणता मार्ग खुला आहे, त्यावरून जाण्याची अनुज्ञा कोणास आहे आणि त्या मार्गाच्या मुखापर्यंत पोहोचण्यास किती वेळ लागतो, या गोष्टीही तो ठरवितात, असे या जिल्ह्याच्या इतिहासावरून दिसून येते.

१. अंतराचे मोजमाप आणि प्रवासकाळाची घडण

हवाई अंतर मोजताना पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरील सर्वांत लहान मार्ग विचारात घेतला जातो. या मार्गास बृहद्‌वृत्त म्हणतात. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश व रेखांश माहीत असले की हे अंतर गणिताने काढता येते. त्यानुसार शिर्डी ते मुंबई हे विमानतळांमधील अंतर सुमारे १७० किलोमीटर, शिर्डी ते हैदराबाद सुमारे ५०० किलोमीटर आणि शिर्डी ते दिल्ली सुमारे १,०२५ किलोमीटर भरते. मुंबई ते लंडन हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. अहमदनगर शहरापासून लंडनपर्यंत सरळ मोजल्यास ते सुमारे ७,३०० किलोमीटर होते. सपाट नकाशावर पट्टी ठेवून आखलेली रेषा आणि बृहद्‌वृत्त एकच नसतात. त्यामुळे युरोपकडे जाणाऱ्या विमानाचा मार्ग नकाशावर उत्तरेकडे वाकलेला दिसतो. वस्तुतः तोच जवळचा मार्ग असतो.

प्रवासकाळाचे गणित मात्र इतके सरळ नाही. वेळापत्रकातील कालावधी हा विमानाची चाके निघण्याच्या जागेवरून हलल्यापासून मुक्कामाच्या जागी थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उड्डाण, उंची गाठणे, उतरण्याची वाट पाहणे आणि उतरणे यांस लागणारा वेळ अंतर कमी असले तरी फारसा कमी होत नाही. शिर्डी ते मुंबई या टप्प्यास लहान विमानाने सुमारे पाऊण तास धरला, तर सरासरी वेग ताशी २३० किलोमीटरच्या आसपास येतो. शिर्डी ते दिल्ली दोन तास धरल्यास तो ताशी ५०० किलोमीटरच्या पुढे जातो. मुंबई ते लंडन साडेनऊ तास धरल्यास तो ताशी साडेसातशे किलोमीटरच्या वर जातो. अंतर जितके अधिक, तितका विमानाच्या वेगाचा लाभ अधिक, असा याचा अर्थ होय.

यात वारा आणि घड्याळ यांचाही वाटा असतो. मोठ्या उंचीवर वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्यामुळे मुंबईहून लंडनला जाण्यास परतीच्या प्रवासापेक्षा साधारणतः अधिक वेळ लागतो. भारतीय प्रमाणवेळ लंडनच्या हिवाळी वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे असल्याने साडेनऊ तासांचा प्रवास जाताना घड्याळात चारच तासांचा दिसतो. परतताना नऊ तासांचा प्रवास साडेचौदा तासांचा भासतो. प्रमाणवेळ हीसुद्धा इतिहासाचीच निर्मिती आहे. १ जानेवारी १९०६ पासून ती देशात लागू झाली. तिचा आधार असलेल्या ८२.५ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेस असल्यामुळे अहमदनगरचा सूर्य आजही घड्याळाच्या सुमारे ३१ मिनिटे मागे असतो.

२. मजलींचा काळ

पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमद याने अहमदनगर वसविले. या राज्याचा समुद्राशी संबंध प्रामुख्याने कोकणातील चौल बंदरातून येत असे. परदेशी घोडे, माणसे व माल चौलला उतरत आणि घाट चढून देशावर येत. समुद्रावरील लांब प्रवास संपल्यावरही घाटाचा टप्पा शिल्लकच राही. दूरच्या प्रवासाचे मुख जिल्ह्याबाहेर असणे, हे पुढे वारंवार दिसणारे वैशिष्ट्य येथे प्रथम आढळते.

या काळात अंतर कोसांत आणि प्रवास मजलींत मोजला जाई. एक मजल म्हणजे एका दिवसाची चाल. पावसाळा, नद्यांचे पूर आणि चाऱ्याची उपलब्धता यांनुसार मजल लहान-मोठी होई. अंतराचे परिमाणच येथे वेळेचे परिमाण होते. जासूद मात्र सैन्यापेक्षा कितीतरी वेगाने जात. याचे महत्त्वाचे उदाहरण १७०७ मधील आहे. ३ मार्च १७०७ रोजी औरंगजेबाचा मृत्यू अहमदनगरजवळील भिंगार येथील छावणीत झाला. त्याचा पुत्र आझम नुकताच माळव्याकडे निघाला होता. तो जवळच असल्याने काही दिवसांतच छावणीत परतला. दुसरा पुत्र मुअज्जम पेशावरजवळील जमरूद येथे होता. भिंगार ते जमरूद हे सरळ अंतर सुमारे १,७०० किलोमीटर आहे. बातमी तेथे पोहोचण्यास सुमारे तीन आठवडे लागले. वारसाच्या संघर्षात आझमला वेळेचा लाभ मिळाला. तरीही जून १७०७ मध्ये आग्र्याजवळील जाजऊ येथे त्याचा पराभव होऊन तो मारला गेला आणि मुअज्जम बहादूरशहा या नावाने गादीवर आला. बातमी आधी मिळणे पुरेसे नव्हते. सैन्य व तोफा घेऊन आग्र्यापर्यंत किती लवकर पोहोचता येते, हेही तितकेच निर्णायक होते.

सुमारे एका शतकानंतर दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्ली याने शिंद्यांच्या ताब्यातील अहमदनगरवर हल्ला केला. ८ ऑगस्ट १८०३ रोजी शहर व १२ ऑगस्ट रोजी किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. त्या वेळी भारतातून इंग्लंडला जाणारी जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून जात आणि या प्रवासास साधारणतः चार ते सहा महिने लागत. प्रश्न पाठवून उत्तर मिळविण्यास सुमारे वर्ष जाई. त्यामुळे युद्ध सुरू करणे, किल्ले घेणे व तह करणे यांविषयीचे निर्णय भारतातील अधिकारीच घेत. लंडनमध्ये या युद्धाची चर्चा होईपर्यंत डिसेंबर १८०३ मधील देवगाव व सुर्जी अंजनगाव येथील तह होऊनही गेले होते. प्रवासकाळ दीर्घ असल्यामुळे जागेवरील अधिकाऱ्यांना मिळालेली ही मोकळीक कंपनीच्या साम्राज्यविस्ताराचे एक कारण ठरली, असे म्हणता येईल.

३. आगबोट, तार आणि दौंड–मनमाड लोहमार्ग

एकोणिसाव्या शतकात या स्थितीत मूलभूत बदल झाला. १८३० मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझला सुमारे एक महिन्यात पोहोचली. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला आणि १८७० मध्ये मुंबई समुद्री तारेने सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. बातमी आणि माणूस यांचा प्रवास येथे प्रथमच परस्परांपासून पूर्णतः वेगळा झाला. बातमी काही तासांत जाऊ लागली, तर माणसाला आठवडे लागत राहिले.

देशांतर्गत पातळीवर १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई–ठाणे रेल्वे सुरू झाली आणि पुढे बोरघाट व थळघाट या दोन्ही मार्गांनी रेल्वे देशावर आली. परंतु हे दोन्ही प्रमुख मार्ग अहमदनगर जिल्ह्याच्या बाजूने गेले. दक्षिणेकडे दौंड आणि उत्तरेकडे मनमाड यांच्या मध्ये जिल्हा राहिला. ही उणीव १८७८ मध्ये दौंड–मनमाड लोहमार्गाने भरून निघाली. सुमारे १४५ मैलांच्या या मार्गाचे काम १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात झाले आणि दुष्काळपीडितांना त्यावर मजुरी मिळाली. जिल्ह्यास दूरच्या शहरांजवळ आणणारा हा मार्ग उपाशी माणसांच्या श्रमातून उभा राहिला, ही बाब येथे विसरता येत नाही.

या मार्गामुळे अहमदनगर, बेलापूर, कोपरगाव ही ठिकाणे एकाच वेळी मुंबई, पुणे आणि उत्तर भारत यांच्याशी जोडली गेली. तथापि दूरच्या प्रवासासाठी दौंड किंवा मनमाड गाठणे क्रमप्राप्तच होते. जंक्शनवरील गाडी चुकली तर तासन्‌तास वाट पाहावी लागे. प्रवासकाळात वाहनाच्या वेगाइतकेच जोडणीला महत्त्व असते, याचा अनुभव जिल्ह्यातील प्रवाशांना विमानयुगाच्या पुष्कळ आधीच आलेला होता.

४. हवाई टपाल

३० मार्च १९२९ रोजी इम्पीरिअल एअरवेज या कंपनीने लंडन ते कराची ही सेवा सुरू केली. या प्रवासास सात दिवस लागत. त्यातील काही टप्पा, बासल ते जिनोआ, रेल्वेने करावा लागे. जगातील त्या काळच्या प्रमुख हवाई मार्गातही असा खंड होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. कराचीला उतरलेले टपाल पुढे नेण्यासाठी जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ‘पस मॉथ’ जातीचे लहान विमान स्वतः चालवीत कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईतील जुहू गाठले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले.

या घटनेने इंग्लंडचे पत्र मुंबईस लवकर येऊ लागले. परंतु अहमदनगर जिल्ह्यातील पत्राला मुंबईपासूनचा प्रवास रेल्वेनेच करावा लागे आणि खेड्यातील पत्त्यावर ते टपालवाहकाच्या पायांनीच पोहोचे. हजारो मैलांचा टप्पा दिवसांत आणि शेवटच्या काही मैलांचा टप्पाही दिवसांतच, असे विषम प्रमाण येथे निर्माण झाले. दूरचे अंतर जितके आकसले, तितके जवळचे अंतर ठळक झाले.

५. किल्ल्यातील अंतर

प्रवासकाळाचा विचार करताना प्रवासाची अनुज्ञा हा घटक बहुधा दुर्लक्षित राहतो. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण अहमदनगरच्या किल्ल्यातच सापडते. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अटक झाली. जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना अबुल कलाम आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव आदी नेत्यांना रेल्वेने अहमदनगरला आणून किल्ल्यात ठेवण्यात आले. मुंबई ते अहमदनगर हा प्रवास एका दिवसात संपला. परतीच्या प्रवासास मात्र सुमारे तीन वर्षे लागली. या काळातच, १९४४ मध्ये, नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला.

याच किल्ल्यात असताना मौलाना आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात गंभीर आजारी पडल्या. अहमदनगर ते कलकत्ता हे सरळ अंतर सुमारे १,४७० किलोमीटर आहे आणि रेल्वेने तेथे दोन-तीन दिवसांत पोहोचता येत असे. आझादांनी सरकारकडे विशेष सवलतीची याचना केली नाही आणि सरकारनेही त्यांना सोडले नाही. एप्रिल १९४३ मध्ये झुलेखा बेगम यांचे निधन झाले. पतिपत्नींची अखेरची भेट झाली नाही. साधन होते, मार्ग होता, वेळही पुरेसा होता. प्रवासाचा हक्क तेवढा नव्हता. नकाशावरील किलोमीटर आणि वेळापत्रकातील तास यांच्या साहाय्याने या अंतराचे मोजमाप करता येणार नाही.

६. जेट विमाने आणि आकाशातील सीमा

स्वातंत्र्यानंतर ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलच्या ‘मलबार प्रिन्सेस’ या विमानाने मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनकडे प्रयाण केले आणि १० जून रोजी ते लंडनला पोहोचले. १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमाने आली. पुढे थांबे कमी होत गेले आणि मुंबई–लंडन प्रवास विनाथांबा दहा तासांच्या आत येऊन ठेपला. १८०३ मध्ये ज्या अंतरास महिने लागत, ते दीड शतकाच्या थोड्या अधिक काळात एका रात्रीचे झाले.

तथापि आकाश सर्वांसाठी नेहमीच खुले असते असे नाही. विमान बृहद्‌वृत्तावरून तेव्हाच जाऊ शकते, जेव्हा खालील देश त्यास अनुज्ञा देतात. फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानचे हवाई क्षेत्र बंद असल्याने उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांवर पुन्हा तशी बंदी आली. विमानतळ तेच, त्यांतील अंतर तेच, पण प्रवासकाळ वाढला. समुद्रावर याचे साम्य १९६७ ते १९७५ या काळात आढळते. त्या वेळी सुएझ कालवा बंद झाल्याने जहाजांना पुन्हा आफ्रिकेला वळसा घालावा लागला होता. प्रवासकाळाची प्रगती एकाच दिशेने होते, ही समजूत अशा घटनांमुळे टिकत नाही.

७. शिर्डी विमानतळ

अहमदनगर जिल्ह्यातील प्रवाशास विमानासाठी प्रदीर्घ काळ मुंबई, पुणे किंवा औरंगाबाद गाठावे लागे. साईबाबांच्या समाधीच्या शताब्दी वर्षारंभी ही स्थिती बदलली. १ ऑक्टोबर २०१७ रोजी कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने उभारलेल्या शिर्डी विमानतळाचे उद्‌घाटन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले. प्रारंभी मुंबई व हैदराबादशी आणि नंतर दिल्ली, चेन्नई इत्यादी शहरांशी तो जोडला गेला. दिल्लीहून रेल्वेने कोपरगावला येण्यास वीस तासांच्या आसपास वेळ लागे. विमानाने तोच टप्पा सुमारे दोन तासांचा झाला. रात्री उड्डाणांची सोय प्रारंभीची अनेक वर्षे नव्हती. त्यामुळे दिवसाच्या प्रकाशाची मर्यादा वेळापत्रकावर राहिली, हेही येथे नमूद करावयास हवे.

जवळच्या अंतराबाबत मात्र चित्र वेगळे आहे. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेल्या मुंबई–साईनगर शिर्डी वंदे भारत गाडीस सुमारे ३४० किलोमीटरच्या लोहमार्गासाठी सव्वापाच तासांच्या आसपास वेळ लागतो. विमानाचा पाऊण तास त्यापुढे फारच थोडा वाटतो. परंतु घरापासून मुंबईच्या विमानतळापर्यंतचा वेळ, तपासणीसाठी आधी पोहोचण्याचा वेळ आणि काकडीपासून शिर्डीपर्यंतचा सुमारे १४ किलोमीटरचा रस्ता धरल्यास हा फरक पुष्कळसा कमी होतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला होऊन समृद्धी महामार्गाची सुरुवात झाली आणि ५ जून २०२५ रोजी हा मार्ग मुंबईच्या बाजूने पूर्ण झाला. त्यामुळे जवळच्या टप्प्यावर विमान, रेल्वे आणि रस्ता यांच्यातील स्पर्धा अधिकच चुरशीची झाली.

याहून महत्त्वाचा प्रश्न जिल्ह्याच्या अंतर्गत विषमतेचा आहे. विमानतळ जिल्ह्याच्या उत्तर भागात आहे. अहिल्याबाई होळकर यांचे जन्मस्थान चौंडी ज्या जामखेड तालुक्यात आहे, तो तालुका दक्षिण टोकास आहे. जामखेडहून काकडी हे अंतर दीडशे किलोमीटरहून अधिक भरते. म्हणजे जामखेडच्या प्रवाशास विमानतळ गाठण्यास लागणारा वेळ हा शिर्डी ते दिल्ली या हजार किलोमीटरच्या उड्डाणाहूनही अधिक असतो. दिल्लीचा भाविक शिर्डीच्या जवळ आला. त्याच जिल्ह्यातील दक्षिणेकडील शेतकरी, विद्यार्थी वा रुग्ण मात्र त्या प्रमाणात दिल्लीच्या जवळ गेला, असे म्हणता येत नाही. काकडीच्या विमानतळाची निकड जिल्ह्यातील रहिवाशांच्या दूरच्या प्रवासापेक्षा देशभरातून येणाऱ्या भाविकांमुळे निर्माण झाली होती, याचे हे प्रतिबिंब होय.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, दोन विमानतळांमधील अंतर गणिताने निश्चित सांगता येते. प्रवासकाळ मात्र वाहन, मार्ग, वारा, घड्याळ, अनुज्ञा आणि जोडणी यांच्या संयोगातून घडतो. दुसरी, प्रवासकाळ कमी होण्याची प्रक्रिया एकमार्गी नाही. युद्ध, बंदी आणि सत्ता यांमुळे तो पुन्हा वाढू शकतो. तिसरी, अहमदनगर जिल्ह्यापुरते पाहता चौल, दौंड, मनमाड, मुंबई अशी दूरच्या प्रवासाची मुखे दीर्घकाळ जिल्ह्याबाहेर राहिली आणि २०१७ नंतर ते मुख जिल्ह्यात आले, तरी त्याचा लाभ सर्व तालुक्यांना सारखा झाला नाही.

म्हणून प्रवासाचा इतिहास लिहिताना उड्डाणाच्या तासांपुरते थांबता येणार नाही. एस.टी.च्या थांब्यापासून विमानाच्या दारापर्यंतचा वेळही त्यात मोजला गेला पाहिजे. प्रादेशिक नियोजनातही हाच निकष लावणे अगत्याचे आहे. एखादा विमानतळ किती दूरची शहरे जोडतो, याबरोबरच तो आपल्याच जिल्ह्यातील शेवटच्या गावापासून किती तासांवर आहे, हे विचारले जावे. चौलच्या घाटापासून काकडीच्या धावपट्टीपर्यंतचा इतिहास हाच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर ठेवतो.